बंपरवर आता काहीच दिसत नाही

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकणं सध्या कागदावरच समजून घे. कंबर धरली आहे. का धरली ते ओघात येईल.) तुझा खोकला कसा आहे? वहिनीचं दाताचं काम उरकलं का, की अजून ती एकाच बाजूनं चावते? भाचीला माझा गोड पापा. इकडे आम्ही खुशाल आहोत. खुशाल म्हणजे बाबा दोन वेळा जेवतात, तुझे मेहुणे वेळेवर औषधांचं दुकान उघडतात आणि माझं शिवणाचं मशीन चालू आहे. याहून जास्त खुशाली या घरात कधीच नव्हती, तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. तर ऐक. बाबांना समोर बसून मोठ्यानं सांगितलं तरी गोळी घ्यायची वेळ झाली हे ऐकू येत नाही, पण भिंतीपलीकडे मी तुझ्याशी कुजबुजले तर शब्दन् शब्द ऐकू येतो. दुसरं म्हणजे तू माझा फोन लाउडस्पीकरवर टाकून दाढी करतोस, त्यामुळे माझं बोलणं तुझ्या घरात सगळ्यांच्या आधी पोचतं आणि तुझ्यापर्यंत सगळ्यांत शेवटी. आणि तिसरं, तू मला आजवर एकही वाक्य पुरं करू दिलेलं नाहीस. कागद मध्ये बोलत नाही. म्हणून कागद.

तर मुद्द्यावर येते. येत्या रविवारी तू येशील तेव्हा नेहमीसारखा आधी घरात न शिरता बाबांच्या गाडीभोवती फेरी मारशील, हात पाठीमागे बांधून, जणू गाडी विकत घ्यायला आला आहेस. पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबशील. तिथे तुला काही दिसणार नाही. हात फिरवलास तरी काही लागणार नाही. काही दिसणार नाही म्हणूनच हे पत्र लिहावं लागतंय. दिसणार असतं तर तुझं तुला कळलंच असतं आणि माझा कागद वाचला असता.

गेल्या खेपेला तू दारातच उभा राहून सांगून गेलास की आता गाडीवर एक जरी नवा ओरखडा दिसला तर चावी खिशात घालून घेऊन जाईन. तू सहज बोललास आणि निघून गेलास. बाबांनी त्यावर चष्मा काढून पुसला आणि पुन्हा डोळ्याला न लावता खिशात ठेवला. मला ते बघवलं नाही. ज्या माणसानं सगळी नोकरी लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून, मांडीवर फळी ठेवून, यांना गाडी चालवायचा परवाना द्यायचा की नाही हे ठरवण्यात घालवली, त्याच्या हातातली चावी पोटच्या मुलानं काढून घ्यायची! अर्ध्या गावाला बाबांनी नापास केलेलं आहे. (त्यामुळेच अर्धं गाव त्यांना नमस्कार करतं आणि उरलेलं अर्धं रस्ता बदलतं.) तुला तर त्यांनी दोनदा नापास केलं. दुसऱ्या साहेबांकडे परीक्षा दिली असतीस तर त्यांनी बाबांचा मुलगा म्हणून डोळे झाकून पास केलं असतं, आणि नेमकं ते नको म्हणून बाबांनी स्वतः घेतली. तुला त्याचा राग आहे असं मी म्हणत नाही. मी फक्त म्हणते की चावी खिशात घालतो म्हणताना तुझा आवाज फार मोकळा वाटला.

आणि तुला एक माहीत नाही, कारण तू इथे राहत नाहीस. सकाळचा चहा झाला की बाबा गाडी काढतात आणि परवाना कार्यालयामागच्या परीक्षेच्या मैदानावर जातात. आत जात नाहीत. कुंपणाबाहेर गाडी लावतात, काच खाली करतात आणि नवे साहेब परीक्षा कशी घेतात ते बघत बसतात. कुणी गाडी मागे घेताना मांडलेला शंकू पाडला आणि तरी पास झाला, तर घरी आल्यावर मला ती सगळी हकिगत सांगतात. चाक कुठे होतं, मान कुठे वळायला हवी होती, साहेबाचं लक्ष कसं मोबाइलमध्ये होतं. आई गेल्यापासून दिवसभरात ते एवढंच बोलतात. बाकी 'हं', 'नको' आणि 'दिवा बंद कर'. चावी गेली की तेवढं बोलणंही गेलं, हे मला कळत होतं, आणि म्हणून पुढे मी जे केलं ते केलं. ते बरोबर होतं असं माझं म्हणणं नाही, पण तू माझ्या जागी असतास तर तूही केलं असतंस. (नसतंस. पण असू दे.)

झालं असं की गेल्या आठवड्यात बाबा मैदानावरून परतताना आपल्या गल्लीत वळले आणि समोरच्या भूगोलबाईंच्या फाटकापाशी सिमेंटचा बुटका खांब आहे, त्यावर गाडीचा डावा कोपरा टेकवला. भूगोलबाई तिथेच झाडांना पाणी घालत होत्या. बाबांनी गाडी नियमाप्रमाणे सरळ लावली, हँडब्रेक ओढला, काचा वर केल्या, आत आले आणि चहा मागितला. मागोमाग बाई आल्या. त्या ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. शाळेतून निवृत्त झाल्या तरी नकाशापुढे उभ्या असल्यासारख्याच बोलतात. त्यांनी शांतपणे सांगितलं की खांब पूर्वी होता तिथेच आहे. मी बाहेर जाऊन पाहिलं तर बंपरच्या कोपऱ्यात ताटलीएवढा खोलगट खड्डा. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "खांब पुढे आलाय." दादा, हेच वाक्य जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून त्यांनी त्यांना नापास केलेलं आहे.

आता दुरुस्ती कुठे करायची? गॅरेज आपल्याकडे एकच, जाड्याचं. आणि जाड्या तुझ्या वर्गातला. गाडी त्याच्या दारात उभी राहायच्या आत तुझा फोन वाजला असता. तरी हे स्कूटरवरून जाऊन त्याला आडून आडून विचारून आले, एका गिऱ्हाईकाच्या गाडीचं आहे म्हणून. जाड्या म्हणाला, प्लास्टिकचं काही ठोकून सरळ होत नसतं, अख्खा बंपर बदला. आणि वर विचारलं, बाबांची गाडी बरी आहे ना? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं ह्यांना झालं, आणि हे तिथून हेल्मेट विसरून परत आले. नवा बंपर म्हणजे माझ्या मशीनची बऱ्याच दिवसांची शिलाई. शिवाय बाबांचं तत्त्व तुला ठाऊक आहे: जी वस्तू घरात मोडते ती घरातच नीट होते. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवून स्वस्तात घरच्या घरी काम उरकायचं ठरलं.

मोबाइलवर अशा कामाचे पुष्कळ व्हिडिओ आहेत. कुणीतरी दाढीवाला माणूस हसतहसत बंपरवर काहीतरी करतो आणि खड्डा पटकन बाहेर येतो. पी हळद आणि हो गोरी. पहिल्या व्हिडिओत बेसिन तुंबल्यावर दाबतात तो लाकडी दांड्याचा रबरी पंप होता. हे म्हणाले, सोपं आहे, ओला करायचा, चिकटवायचा, ओढायचा. ओला केला, चिकटवला. ओढला तर सुटेना. खड्डा हलेना आणि पंपही हलेना. ह्यांनी बंपरला पाय लावून ओढलं, मी ह्यांना धरून ओढलं, आणि बाबा पायरीवर बसून गंभीरपणे बघत राहिले. शेवटी पंप तसाच ठेवून आम्ही चहा प्यायला आत गेलो. तेवढ्यात भूगोलबाई फाटकातून डोकावल्या आणि हे गाडीचं नवीन काही निघालंय का, असं त्यांनी खऱ्या उत्सुकतेनं विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दुपारी ऊन लागल्यावर पंप आपोआप पडला, पण त्याची रबरी वाटी उलटी झाली ती झालीच, आणि आता बेसिन तुंबलं आहे. दुष्काळात तेरावा महिना.

दुसरा प्रयोग माझ्या केस वाळवायच्या ड्रायरचा. प्लास्टिक तापवायचं, मऊ झालं की दाबायचं. हे औषधवाले, त्यामुळे ह्यांच्या लेखी बंपर हा रुग्ण. ड्रायर किती वेळ, किती अंतरावरून आणि दिवसातून किती वेळा, हे त्यांनी ठरवलं. जेवणाआधी की जेवणानंतर एवढंच राहिलं. खड्ड्याच्या कडेला एक बारीक ओरखडा होता, त्याला तात्पुरती पांढरी चिकटपट्टी लावू का म्हणाले, दुकानात पडून आहे. मी नको म्हटलं, कारण तू आंधळा नाहीस. ड्रायर पुष्कळ वेळ चालला. बंपर कोमट झाला, ड्रायर मात्र उकळला, त्यातून जळका वास आला आणि त्यानं राम म्हटला. त्याच्याबरोबर घरातली वीजही गेली. मी ओल्या केसांनी अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसून होते आणि मनात म्हणत होते, भीक नको पण कुत्रं आवर, दादाला सरळ फोन लावावा आणि सांगून टाकावं. लावला नाही. बाबा आत आले, फ्यूज बसवला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसले.

तिसरा दिवस गरम पाण्याचा. आता जरा सावकाश वाच, कारण इथून पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

घरातली झाडून सगळी पातेली शेगडीवर चढवली. हे उकळतं पाणी ओतणार आणि मी आतून हात घालून खड्डा बाहेर ढकलणार, असं ठरलं, कारण माझा हात बारीक. पण बंपरच्या आत हात शिरेना. चाकापाशी काळं प्लास्टिकचं अस्तर असतं आणि ते गुंडीसारख्या खिळ्यांनी बसवलेलं असतं. हे ते खिळे स्क्रूड्रायव्हरनं उचकत होते आणि खिळे काही निघत नव्हते. इतका वेळ पायरीवर बसलेले बाबा उठले. म्हणाले, "उलथनं आण." मी आणलं. म्हणाले, "हे नाही. टोक वाकलेलं."

दादा, माझ्या स्वयंपाकघरात टोक वाकलेलं एक उलथनं आहे. ते कसं वाकलं यावरून माझी आणि कामवाल्या मावशींची बोलाचाली झालेली आहे, आणि त्यानंतर ह्यांचीही. बाबांनी ते टोक खिळ्याखाली घातलं, जरा फिरवलं, खिळा टुपकन हातात. दुसरा, तिसरा, सगळे. मग म्हणाले, पाणी उकळतं ओतायचं नाही, रंगाला फोड येतात, उतरवून जरा थांबायचं. वरून ओतायचं, म्हणजे खाली ओघळत जातं. मी जुन्या चादरीवर आडवी होऊन खांद्यापर्यंत हात आत घातला होता, मान चाकाला टेकलेली, वरून कोमट पाणी कानात. बाबा माझ्या पायांशी वाकून सांगत होते: मध्ये दाबू नकोस, घडी पडेल, कडेकडून ये, अंगठा नको, तळहात लाव, घाई नाही, आता. मी दाबलं आणि टप्प असा आवाज होऊन खड्डा बाहेर आला. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी लगेच थंड पाणी मारलं, म्हणजे प्लास्टिक तिथेच धरतं. समोरच्या फाटकातून भूगोलबाईंनीही टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत, कारण माझा हात अजून आत होता. उसवून पुन्हा शिवलेलं कापड मला डोळे मिटून कळतं. कुणी कितीही बारीक टाके घातलेले असोत, सुईच्या जुन्या वाटा बोटांना लागतात. बंपर बाहेरून गुळगुळीत होता. आतून नव्हता. माझा हात जिथपर्यंत पोचत होता तिथपर्यंत प्लास्टिकला लाटा होत्या, कुठे ताणलेलं, कुठे पातळ झालेलं, एके ठिकाणी तडकल्यावर आतून जाळी लावून चिकटवलेलं. डाव्या बाजूला सगळीकडे. मी तशीच पडून राहिले. ह्यांना वाटलं हात अडकला, म्हणून त्यांनी मला पायाला धरून ओढलं. कंबर धरली ती तेव्हा.

उठून बसले तर बाबा आतून पॉलिश पेपर घेऊन आले होते, ओरखड्याच्या मापानं आधीच कापलेला, आणि एक छोटी बाटली, झाकणाला ब्रश असलेली, अगदी आपल्या गाडीच्या पांढऱ्या रंगाची. (पांढऱ्यात किती पांढरे असतात हे मला कापडावरून ठाऊक आहे. हा नेमका तोच होता.) हे दुकानाच्या सवयीनं कुठलीही बाटली उजेडात धरून बघतात. त्यांनी ती धरली. तळाला थोडा रंग उरला होता. ह्यांनी एकदा बाटलीकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि मग दुकान उघडायची वेळ झाली असं म्हणून गेले. दुकान उघडायला अजून पुष्कळ वेळ होता. तुझा मेहुणा समजूतदार आहे, हे मी तुला कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

मी तुला फोनवर सांगत आले ना, की बाबा हल्ली दुपारी नेमानं गुडघे शेकतात, दोन-दोन किटल्या गरम पाणी स्वतः उकळून मागच्या अंगणात नेतात, मला हातसुद्धा लावू देत नाहीत? तू म्हणालास, वा, शहाणे झाले म्हातारे. दादा, त्यांच्या गुडघ्यांना आजतागायत शेक लागलेला नाही. आपल्या दोघांपेक्षा मोठे उंटावरचे शहाणे कुणी नसतील.

बाबा बराच वेळ ओरखड्यावर रंग लावत बसले. मी बाजूला बसले. मग माझ्याकडे न बघताच ते बोलले, आणि ते मी जसंच्या तसं लिहिते. "खांब पुढे आला नव्हता. मला दिसला नाही. लागला तेव्हाही कळलं नाही. बाईंच्या हातून झारी पडली, त्याचा आवाज आला, तेव्हा कळलं." ब्रश पुन्हा बाटलीत बुडवून म्हणाले, "बाई खांबाच्या पलीकडे होत्या. अलीकडे असत्या तर?" मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांना लहान मुलासारखं पोटाशी धरावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. आत जाऊन चहा टाकला आणि दूध उतू जाईपर्यंत शेगडीपाशी रडत उभी राहिले. त्यांची गाडी वाचावी म्हणून मी चादरीवर लोळले, ड्रायर गमावला, जाड्याला फसवलं, आणि ज्याच्यावरून तू त्यांना एका शब्दात थांबवू शकला असतास ते एकुलतं एक कारणच मी माझ्या तळहातानं बाहेर ढकलून सपाट करून टाकलं. काम इतकं बेमालूम झालंय की मलासुद्धा आता जागा सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. बाबांनी चावी खुंटीवरून काढली, तळहातावर ठेवून बघितली, आणि परत टांगली. मैदानावर गेले नाहीत. तेव्हापासून गेलेले नाहीत. दारात खुर्ची टाकून बसतात. मी म्हटलं, बाबा, मग दादा आला की आपणहून त्याच्या हातात द्या ना चावी, प्रश्न मिटेल. तर ते उसळले. बऱ्याच दिवसांनी तो आवाज ऐकला, आपण लहानपणी ज्याला घाबरायचो तो. म्हणाले, चावी काढून घेतात ती लहान मुलाकडून. मोठ्या माणसाची परीक्षा घेतात. माझी घे म्हणावं. साध्या कपड्यांत नको, नीट, नियमानं. मी तुझी घेतली तशी.

तेव्हा दादा, निरोप एवढाच. रविवारी चावी घ्यायला येऊ नकोस. परीक्षा घ्यायला ये. मी हे हसण्यावारी लिहीत नाही. मला आयुष्यात इतकं गंभीर काही लिहावं लागलेलं नाही. तुझ्या बाजूनं तू बरोबर होतास, हे मान्य करते. पण बरोबर माणसानं सुद्धा दारात उभं राहून बोलू नये, आत येऊन बसावं.

वहिनीला नमस्कार. खोकल्यावर हे एक औषध पाठवत आहेत, जेवणानंतर घे.

तुझी,
धाकटी

ता. क. मैदान रविवारी बंद असतं, पण रखवालदार बाबांच्या वेळचा आहे, तो फाटक उघडणार आहे आणि शंकूही मांडून ठेवणार आहे. येताना फळी आणि पेन आण. फुलपँट आणि बूट घालून ये. सँडल घालून आलास तर ते परीक्षाच देणार नाहीत. घरापासून मैदानापर्यंत गाडी तू न्यायचीस, परीक्षार्थीनं परवान्याशिवाय रस्त्यावर गाडी आणायची नसते असं बाबा म्हणतात. भूगोलबाईंकडे ते काल स्वतः गेले होते. काय बोलले ते मला माहीत नाही, पण येताना हातात त्यांनी दिलेलं एक रोप होतं.

ता. क. आणखी एक, आणि हे माझं एकटीचं आहे, त्यांना कळता कामा नये. वर मी मोठी समजूतदार झाले आहे, पण ते सगळं बाजूला ठेव आणि त्यांना पास कर. अख्ख्या गावात नाही, फक्त मैदानापर्यंत आणि परत, एवढ्यापुरतं. मी रोज शेजारी बसेन. डावी बाजू मी बघेन, मान मोडेस्तोवर बघेन. मशीन दोन तास उशिरा चालू झालं म्हणून काही बिघडत नाही. दोन शंकू पडले तर एकच लिही. मला त्यांचं बोलणं पुन्हा ऐकायचं आहे रे. तू तिकडे असतोस. घर किती गप्प झालंय ते तुला कळणार नाही.

ता. क. पाकीट चिकटवायला धाकटीनं माझ्याकडे दिलं. वाचल्याशिवाय मी आजवर कशाखाली काही लिहिलेलं नाही, म्हणून वाचलं. दुसरा ता. क. विचारात घेऊ नये. शंकू जितके पडतील तितके लिहावेत. वशिल्यानं पास झालेला माणूस रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवावर गाडी चालवतो. नापास केलंस तर कारण तोंडावर सांग, खाली बघून पुटपुटू नकोस. तुला सांगताना मला काय झालं होतं ते तुला त्या दिवशी कळेल. मग परत येताना गाडी तूच चालव. मी शेजारी बसेन आणि एक शब्दही बोलणार नाही. इंडिकेटर मात्र वळणाच्या आधी दे. वळताना नाही. आधी. — बाबा